छातीतली टिकटिक

मी नऊ वर्षांची असताना सांधे सुजून ताप आला होता. त्या रुमॅटिक तापाने हृदयाची मायट्रल झडप कायमची बिघडवली, हे कळलं ३४व्या वर्षी, जिना चढताना धाप लागू लागली तेव्हा. ऑपरेशन झालं, कार्बनच्या दोन पाकळ्यांची कृत्रिम झडप बसली. रात्री घर निजलं की छातीतली टिकटिक स्पष्ट ऐकू यायची. लेक कान लावून विचारायची, "आई, तू घड्याळ गिळलंस?"

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं: रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रॉमची गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायची, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, २.५ ते ३.५ ठेवायचा, तपासणी चुकवायची नाही. मी ते डायरीत लिहूनही घेतलं.

दुसऱ्या महिन्यात पाळीला भयंकर अंगावरून गेलं. मी घाबरले. पुरुष डॉक्टरांना हे कसं सांगायचं, म्हणून गप्प बसले आणि आपल्या मनानेच गोळी अर्धी केली. रक्त तपासायलाही गेले नाही. आकडा कमी आला तर विचारतील, ही भीती. घरी सांगितलं, रिपोर्ट चांगला आहे.

दहा-बारा दिवसांनी टिकटिक मंदावली. मला वाटलं, शरीराने झडप आपली मानली. त्या रात्री निवांत झोपले. चार दिवसांनी मोरीपर्यंत चालवेना, आडवं पडलं की श्वास कोंडायचा. दवाखान्यात आयएनआर निघाला १.२. इकोच्या पडद्यावर एक पाकळी उघडमीट करत होती, दुसरी जागची हलत नव्हती. तिला रक्ताच्या गुठळीने धरून ठेवलं होतं.

गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने निभावलं, छाती पुन्हा उघडावी लागली नाही. दुसऱ्या रात्री टिकटिक परत ऐकू आली आणि मला रडू फुटलं.

पहिले तीन महिने सर्वांत जोखमीचे असतात, डॉक्टरांनी नंतर समजावलं. झडप ज्या कापडी कड्याने शिवतात, त्यावर शरीराचा थर अजून चढायचा असतो. पाळीच्या त्रासावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे इलाज होता, तोही गोळी चालू ठेवून. मी फक्त तोंड उघडायला हवं होतं.

झडप बदललेल्या माझ्या बहिणींनो, लाजू नका. अंगावरून जास्त गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, आपल्या मनाने गोळी कमी किंवा बंद करू नका. आणि टिकटिक दबली, तर तडक दवाखाना गाठा.