चौघांतला एक रुसला!

मैत्रिणींनो, वातीच्या स्टोची एक वात काजळी धरू लागली, तर आपण अख्खा स्टो भंगारात देत होतो का? नाही ना! आधी कुठली वात बिघडली ते बघायचो. एवढीशीच अक्कल मोटारीच्या इंजिनालाही लागते, हे वेळेवर कळलं म्हणून माझं मंगळसूत्र गळ्यात राहिलं. त्याचीच ही गोष्ट.

साल १९८४, महिना जुलै. आम्ही लालबागला चाळीत राहत होतो. आमचे हे गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांची गिरणी कायमचीच सुटली. ह्यांनी गाडी शिकून बॅज काढला. माझ्या बांगड्या मोडून, वर कर्ज काढून आम्ही परमिटासकट एक जुनी फियाट टॅक्सी घेतली. तीच आमची गिरणी.

त्या पावसाळ्यात ती रुसली. सिग्नलला उभी राहिली, की हीव भरल्यासारखी थरथरायची. परळ-दादर सपाटीवर कशीबशी जायची. पण गिरगावातून वाळकेश्वरचा चढ म्हटला, की तिचा जीव जायचा. पेट्रोल जास्त पिणार आणि धुराला कच्च्या पेट्रोलचा वास! टॅक्सीवाले ह्याला ‘मिसिंग’ म्हणतात. एका गॅरेजातल्या मिस्त्रीने बॉनेट उघडून कान लावला आणि निकाल दिला, “रिंगा गेल्या. इंजिन उतरवावं लागेल.” खर्चाचा आकडा ऐकून हे रात्री जेवलेच नाहीत. माझा हात गळ्याशी गेला, तशी म्हणाले, “तेवढं नको गं.”

खालच्या मजल्यावर बेस्टच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक फिटर काका राहत. मी त्यांच्यापुढे रडगाणं गायलं. त्यांनी एकच विचारलं, “सूनबाई, कुठला सिलिंडर गेलाय, ते सांगितलं का मिस्त्रीनं?”

आम्ही विचारलंच नव्हतं!

काकांनी समजावलं ते असं : इंजिनात चार सिलिंडर, म्हणजे पालखीचे चार भोई. एकाने खांदा काढला, की पालखी हेलकावते आणि चढावर तिघांचा दम निघतो. प्रत्येकाला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल-हवेचं बेताचं मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि आत पुरेसा दाब. रिंगा झिजल्या की दाब जातो. पण तो खर्च सगळ्यात मोठा, म्हणून आधी स्वस्तातलं तपासायचं.

रात्री पाऊस थांबल्यावर काकांनी इंजिन चालू ठेवलं आणि रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढून लावली. (ह्या वायरीत हजारो व्होल्ट असतात, हात लावायचा नाही!) पहिली काढली, इंजिन आणखी अडखळलं, म्हणजे तो भोई काम करत होता. दुसरीचंही तसंच. तिसरी काढली आणि काहीच फरक पडला नाही! चोर सापडला.

पण दोष प्लगचा, वायरीचा की आतला? काका म्हणाले, “एका वेळी एकच वस्तू बदलायची. दोन बदलल्या, तर गुण कुणाचा ते कळत नाही.” इंजिन बंद करून, निवू देऊन त्यांनी तिसरा प्लग दुसऱ्यात आणि दुसरा तिसऱ्यात घातला. दोष तिसऱ्यातच राहिला. म्हणजे प्लग निर्दोष. मग वायरींची अदलाबदल केली, तर दोष दुसऱ्यात गेला! काकांनी बॅटरी विझवायला लावली. अंधारात वायरीच्या वाकणातून निळी ठिणगी इंजिनाच्या अंगावर उडताना मी ह्या डोळ्यांनी पाहिली. चिरलेल्या वायरीत पावसाची ओल शिरली होती, इतकंच.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी ऑपेरा हाउसकडून नवी वायर आणली. थोड्याशा रुपयांचं काम! मग मला शेजारी बसवून वाळकेश्वरचा चढ चढवून दाखवला. संप सुरू झाल्यापासून ह्यांना असं हसताना मी प्रथमच पाहिलं.

आता त्या टॅक्सी राहिल्या नाहीत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदलेली. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. आजच्या गाडीची वायर किंवा कॉइल चालू इंजिनावर मुळीच ओढू नका. तिथे इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. तो लुकलुकू लागला, तर गाडी हळूच बाजूला घेऊन थांबवा. न जळलेलं पेट्रोल धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो महागडा भाग जळतो. गॅरेजात यंत्र लावलं, की पी०३०१ ते पी०३०४ असा आकडा येतो. त्यातला शेवटचा अंक म्हणजे रुसलेला सिलिंडर. मग तिथली कॉइल शेजारी लावून बघायला सांगा. आकडा बदलला, तर दोष कॉइलचा. आणि इंजिन उतरवायचंच म्हणाले, तर आधी दाब मोजून चारी आकडे कागदावर मागा.

मिस्त्रीशी भांडायचं नाही हं. नम्रपणे एवढंच विचारायचं, “भाऊ, नेमकं कुठलं आणि कशावरून?” चांगला मिस्त्री ह्या प्रश्नाने खूशच होतो.