बोम्मसंद्रा : ओल्या वाटेवरची जीप

बंगळूरहून होसूरकडे निघाले, की इलेक्ट्रॉनिक सिटी मागे पडते आणि बोम्मसंद्रा येते. दुतर्फा कारखाने, गोदामे, डॉ. देवी शेट्टी यांचे नारायण हृदयालय आणि ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे शेवटचे स्थानक. पर्यटकाने येथे पाहावे तरी काय? पण थोडे पुढे चंदापुऱ्याहून आनेकलचा रस्ता फुटतो आणि आनेकलपलीकडे मुत्यालमडुवूचा धबधबा आहे. म्हणून सुटीच्या दिवशी जीपवाले इकडे वळतात.

महाराष्ट्रातला पाऊस ओसरू लागतो, तेव्हा बंगळूरचा पाऊस भरात असतो. सप्टेंबर-ऑक्टोबर हे येथील सर्वाधिक पावसाचे महिने. पूर्वीच्या लोकांनी या भागात तळी बांधली ती माळेसारखी. वरचे भरले की पाणी ओढ्याने खालच्या तळ्यात जायचे. या ओढ्यांना कानडीत ‘राजकालुवे’ म्हणतात. त्यांच्या वाटेवर वस्त्या उठल्या आणि पाणी रस्त्यावर आले. सप्टेंबर २०२२ मध्ये तर बंगळूरच्या पूर्व भागात लोकांना ट्रॅक्टर आणि होड्यांतून बाहेर काढावे लागले.

अशा पाण्यातून जीप सहज जाते, हा समज अर्धाच खरा आहे. पाणी इंजिनात शिरले, तर गाडी जागीच बंद पडते. गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियलमध्ये शिरले, तर मात्र काहीच कळत नाही. गाडी घरी येते, सगळे खूश होतात आणि काही आठवड्यांनी बेअरिंग कुरकुरू लागते. मग खर्च हजारांत जातो.

पाणी शिरते कसे? चालून चालून आतले तेल आणि हवा तापलेली असते. गार पाण्यात उतरताच हवा आकसते आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाते. तापलेली हवा बाहेर पडावी म्हणून वर ‘ब्रीदर’ नावाची छोटी वाट ठेवलेली असते. ती पाण्याखाली गेली किंवा चिखलाने बुजली, की पाणी ब्रीदरमधून नाहीतर झिजलेल्या ऑइल सीलमधून आत येते.

उपाय सोपा आहे. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे टोक बॉनेटखाली उंचावर बांधून घ्यावे. पावसाळ्यापूर्वी सील तपासावेत. पाण्यात उतरण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे थांबून गाडी निवू द्यावी. कंपनीने दिलेली खोलीची मर्यादा पाळावी. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्राच्या थारसाठी ती ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून थोडी अधिक आहे. वेग कमी आणि एकसारखा ठेवावा.

परतल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवावी. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसते. सकाळी खालचा ड्रेन प्लग किंचित सैल केला, की आधी पाणीच ठिबकते. तेल दुधाळ, चहासारखे दिसले तर ते लगेच बदलावे. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला पाहू’ म्हणू नये.

आणि एक पथ्य. रस्त्यावरून पाणी वाहत असेल, तळ दिसत नसेल आणि गाडीत मुलेबाळे असतील, तर नळी कितीही उंच बांधलेली असो, गाडी वळवावी. मुत्यालमडुवूचा धबधबा पुढच्या रविवारीही तेथेच असेल.