दोघांचा जमाखर्च

लग्नानंतर हिंगोलीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि वहीत खर्चाचे रकाने आखले. भाडं, दूध, किराणा ठरलेलं. डोळे वटारतं ते वीजबिल! महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटना एक दर, 101 ते 300 ला बराच चढा. शिवाय वापर कमी असो की जास्त, स्थिर आकार भरायचाच. आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे कूलर दिवसरात्र. म्हणून थंडीत बिल कमी आलं की उरलेले पैसे उन्हाळ्यासाठी डब्यात टाकतो. 14.2 किलोचं सिलिंडर किती दिवस पुरतं, ते कालनिर्णयवर तारीख लिहिली की कळतं.

असो. एक रकाना मात्र दोघांच्याही मनात होता, वहीत नव्हता: घरी पाठवायचे पैसे. ह्यांचं घर सेनगावला, माझं माहेर वसमतला. शेवटी मीच विषय काढला. आता भाड्याच्या खाली दोन ओळी आहेत, दोन्ही घरांच्या, आकडा सारखाच.

पहिल्यांदा पैसे पाठवले तेव्हा आई म्हणाली, "लेकीचे पैसे कसे घ्यायचे गं?"

म्हटलं, "वीजबिलासारखं समज. दर महिन्याला येणारच!"