बर्फावरची फळी आणि मास्तरकीची परीक्षा

फाल्गुन लागला की हिंगोली जिल्ह्यात हळदीची धांदल उडते. काढणी उरकलेली असते, कुकरमध्ये हळद शिजत असते, खळ्यावर ती वाळत पडलेली असते. घरात एकही हात रिकामा नसतो. नेमक्या याच दिवसांत, इथून दीड हजार किलोमीटरहून जास्त उत्तरेला, काश्मीरच्या गुलमर्गमध्ये बर्फाचा हंगाम संपत आलेला असतो. बर्फाच्या देशांत हंगामाच्या या शेवटच्या आठवड्यांत कितीतरी तरुण एका परीक्षेला बसतात. बर्फावर फळी घेऊन घसरायला दुसऱ्याला शिकवता येते का, याची ती परीक्षा.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, आमचा बर्फाशी संबंध जत्रेतल्या गोळ्यापुरता. हे खरेच आहे. पण हल्ली मोबाइलवर हा खेळ पाहून गावातली पोरेही विचारतात, ‘हे शिकून पोट भरतं का?’ आईबापाला काय उत्तर द्यावे हे सुचत नाही. म्हणून आज तुम्हाला त्या मुलखात नेऊन आणावे असे योजले आहे.

जायचे कसे?

उत्तरेकडचा रस्ता आपल्या जिल्ह्याला नवा नाही. हिंगोलीजवळच्या नरसीचे नामदेव महाराज सातशे वर्षांपूर्वी पंजाबात पोहोचले. तिथल्या घुमान गावी त्यांचे वास्तव्य झाले, आणि त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलनही घुमानला भरले होते. आज नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस अमृतसरला जाते. तिथून जम्मूमार्गे कटरा गाठायचे. कटऱ्याहून पुढे पूर्वी घाटाच्या रस्त्याने जीव मुठीत धरून जावे लागे. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली. वाटेत चिनाब नदीवरचा पूल लागतो. नदीपात्रापासून तो ३५९ मीटर उंच आहे.

श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. शेवटचे टंगमर्ग गाव लागले की देवदारांतून १३ किलोमीटरची चढण सुरू होते. बर्फ पडलेला असेल तर गाडीच्या चाकांना लोखंडी साखळ्या बांधल्याशिवाय वर सोडत नाहीत. आपण चिखलात ट्रॅक्टरला लोखंडी चाके लावतो, तसाच हा प्रकार समजा.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचावर आहे. पहिल्या दिवशी दहा पावले भराभर टाकली तरी धाप लागते. दोन दिवस शरीराला सवय होऊ द्यावी. वर अफरवट डोंगरावर जायला झुलत्या पाळण्यांची तारवाट आहे. तिचा पहिला टप्पा १९९८ साली आणि दुसरा २००५ साली सुरू झाला. दुसरा टप्पा माणसाला जवळजवळ चार हजार मीटरवर नेऊन सोडतो. भारत सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था इथेच आहे. हिमाचलात मनालीला अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची संस्था १९६१ पासून आहे. तिचे बर्फावरचे वर्ग सोलंग खोऱ्यात भरतात.

फळीचा जन्म

बर्फावर दोन पायांत दोन लांब पट्ट्या बांधून घसरणे, म्हणजे स्कीइंग, फार जुने आहे. एकाच फळीवर आडवे उभे राहून घसरणे, म्हणजे स्नोबोर्ड, हे अलीकडचे. १९६५ च्या नाताळात अमेरिकेच्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलींना खेळायला दोन स्की एकमेकींना जोडून दिल्या. पुढे या खेळण्याच्या टोकाला धरायला दोरी आली. आपल्या बैलाचा कासराच म्हणा ना! १९७७ मध्ये जेक बर्टन याने व्हर्माँट राज्यात अशा फळ्या तयार करून विकायला सुरुवात केली. हळूहळू दोरी गेली आणि पाय घट्ट बांधायचे पट्टे आले. १९९८ साली जपानमधल्या नागानोच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये हा खेळ दाखल झाला. पोराच्या खेळण्याला तेहतीस वर्षांत ऑलिम्पिकचा मान मिळाला!

उभे राहायचे कसे?

नांगरलेल्या रानात ढेकळे फोडायला मैंद फिरवताना तुम्ही त्यावर उभे राहिला असालच. बैल पुढे ओढतात, पायाखाली लाकूड डुगडुगते, आणि माणूस गुडघे जरासे वाकवून अंग सैल ठेवून तोल धरतो. ताठ उभा राहिला की पडलाच. स्नोबोर्डचा पहिला धडा हाच आहे. फरक एवढाच की इथे पुढे बैल नसतात, ओढणारा उतार असतो, आणि त्याला ‘हो’ म्हटले तरी तो थांबत नाही.

थांबायचे असते ते फळीच्या कडेने. फळीला दोन्ही अंगांना पोलादी कड असते, एक टाचेकडची आणि एक चवड्याकडची. टाचेवर भार दिला की टाचेकडची कड बर्फात रुतते आणि वेग मरतो. नवख्याला आधी एकच पाय बांधून सपाटीवर ढकलत चालायला लावतात. मग उताराला आडवे राहून एकाच कडेवर सावकाश खाली घसरायला शिकवतात. त्यानंतर झाडाचे पान जसे डावी-उजवीकडे हेलकावत खाली येते, तसे हेलकावे घ्यायचे. हे जमले की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाणे, म्हणजे वळण. कड बदलताना उताराच्या खालच्या बाजूची कड चुकून बर्फात अडकली, तर माणूस डोळ्याचे पाते लवण्याच्या आत आपटतो. पडताना हात टेकण्याची उपजत सवय असते, आणि म्हणून नवख्यांचे मनगट सर्वांत जास्त मोडते. चांगला शिक्षक पहिल्याच तासाला पडायचे कसे ते शिकवतो: मुठी मिटा, हात अंगाजवळ घ्या, पुढे पडलात तर कोपरापुढच्या हातावर भार झेला, मागे पडलात तर बैठक मारून पाठ गोल करा. डोक्यावर हेल्मेट हवेच.

बर्फाचाही वाफसा

आपण मृग, आर्द्रा मोजतो तसे काश्मिरी शेतकरी थंडी मोजतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, म्हणजे मोठी थंडी. त्यानंतर वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’, म्हणजे धाकटी. शेवटी दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. मोठ्या थंडीत पडलेला बर्फ टिकतो, साठतो, आणि उन्हाळ्यात वितळून ओढ्यांना, भातखाचरांना आणि सफरचंदाच्या बागांना पाणी देतो. मार्चमध्ये पडलेला बर्फ फार दिवस राहत नाही. म्हणजे बर्फ कोरडा गेला तर घसरणाऱ्यांचे नुकसान आधी दिसते, पण पुढे शेतकऱ्याचेही होते.

हंगामाच्या अखेरीचा बर्फ दिवसभरात तीन रूपे घेतो. रात्री गोठलेला म्हणून सकाळी काचेसारखा कडक. त्यावर कड रुतत नाही, फळी सटासट घसरते. दहा-अकराच्या सुमाराला ऊन लागले की वरचा थर दाणेदार आणि मऊ होतो. हा त्याचा वाफसा. फळी म्हणाल तशी वळते. दुपारनंतर त्याचा चिखल होतो, फळी चिकटते, गुडघ्यांवर ताण येतो. आपल्या काळ्या रानात वाफसा नसताना पाळी घातली तर काय होते ते तुम्हाला सांगायला नको. म्हणूनच उशिराच्या हंगामात शिकणाऱ्याचा एक मोठा फायदा होतो. भुसभुशीत ताज्या बर्फावर कुणालाही जमते. कडक, दाणेदार आणि चिखलट अशा तिन्ही बर्फांवर ज्याला जमते, त्याच्या हाती दुसऱ्याचे पोर सोपवता येते.

याच दिवसांत धोकाही असतो. दुपारच्या उन्हाने डोंगरावरचे थर सैल होतात आणि कडा सुटतात. भर हंगामातही हे भय असतेच. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर हिमकडा कोसळून पोलंडचे दोन पाहुणे मरण पावले. आखून दिलेल्या उताराबाहेर वाटाड्याशिवाय जायचे नाही, हा नियम शिक्षकाने स्वतः पाळायचा आणि शिष्याकडूनही पाळून घ्यायचा.

मास्तरकी

उत्तम नांगरणाऱ्याला नांगरट शिकवता येतेच असे नाही. चुलीपाशीही तेच. सुगरण सासू ‘अंदाजानं टाक’ म्हणते आणि नव्या सुनेचा मीठ-मसाला चुकतो. अंदाज शब्दांत सांगता आला पाहिजे. प्रशिक्षकाच्या परीक्षेत तो किती वेगाने उतरतो याला कमी महत्त्व असते. त्याला अगदी सावकाश, प्रत्येक हालचाल वेगळी दिसेल असे करून दाखवावे लागते. समोरचा का पडला, नजर पायाकडे होती की मागच्या पायावर भार होता, हे ओळखावे लागते. मग दहा चुका न सांगता एकच चूक सांगायची, तीही घाबरलेल्या माणसाला समजेल अशी. उमेदवार आळीपाळीने एकमेकांचे शिक्षक होतात आणि परीक्षक बाजूला उभा राहून पाहतो.

कॅनडात पहिल्या पायरीचा वर्ग तीन दिवसांचा असतो. ब्रिटनच्या पद्धतीत पाच दिवसांच्या वर्गाशिवाय अनुभवी शिक्षकांच्या हाताखाली ३५ तास काढावे लागतात आणि प्रथमोपचार यावे लागतात. दिवस थोडे दिसतात, पण त्याआधी खेळ अंगात मुरलेला असावा लागतो. आपल्याकडे उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत गिर्यारोहण शिकवायची पात्रता हवी असेल, तर आधी २८-२८ दिवसांचे प्राथमिक आणि प्रगत असे दोन वर्ग ‘अ’ श्रेणीत पार करावे लागतात. नंतर २१ दिवसांचा, शिकवण्याच्या पद्धतीचा वर्ग. हातात प्रमाणपत्र पडायला असे दोन-तीन हंगाम सहज जातात.

आपल्या मुलांना हे झेपेल का, ही शंका मात्र मनातून काढून टाका. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले. कापूस आणि धान पिकवणाऱ्या मुलखातली ही मुले. त्यांना आदिवासी विकास विभागाने शिकवून तयार केले होते. आणि गुलमर्गच्या पायथ्याशी राहणाऱ्या आरिफ खानने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकटा खेळाडू म्हणून भाग घेतला. त्याच्या वडिलांचे गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचे दुकान होते.

हिशेब

आता आईबापाच्या प्रश्नाकडे येऊ. पोट भरते का?

मार्चअखेर प्रमाणपत्र मिळाले की आपल्या देशात त्या वर्षीचे काम संपलेले असते. पुढची कमाई डिसेंबरात. दक्षिण गोलार्धात, न्यूझीलंडसारख्या देशात, जून ते ऑक्टोबर बर्फ असतो. तिथे जायला बाहेरच्या देशांत चालणारी पायरी, इंग्रजी आणि परवाना लागतो. एरवी वर्षातले आठ महिने दुसरा उद्योग हवाच. काश्मीर आणि हिमाचलातले अनेक प्रशिक्षक उन्हाळ्यात आपल्या बागा आणि शेती पाहतात, वाटाडे होतात किंवा घोडे चालवतात.

शिवाय हा धंदाही आभाळावरच आहे. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडे होते. २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून पुढे ढकलाव्या लागल्या आणि ९ मार्चला सुरू झाल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहलगामला हल्ला झाला आणि पाहुण्यांनी काश्मीरकडे पाठ फिरवली. पावसाने दगा दिल्यावर आपल्या घरात जो शुकशुकाट होतो, तोच बर्फाने दगा दिल्यावर तिथल्या घरात होतो. कोरडवाहूवाल्या बापाने पोराला एका लहरी हंगामातून काढून दुसऱ्या लहरी हंगामात घालताना एवढे ध्यानात ठेवावे.

म्हणून सांगणे असे. पोराला किंवा पोरीला खरोखर ओढ असेल तर एकदम मास्तरकीच्या परीक्षेवर पैसा घालू नका. फाल्गुनात हळद सोडून त्याला पाठवणे घराला परवडणारही नाही. पहिला प्राथमिक वर्ग जानेवारीतला घ्या. तेव्हा तूर उरकत आलेली असते, हळदीला अवकाश असतो. सरकारी संस्थेतच पाठवा, तिथे राहणे, जेवण आणि सामान यांची सोय वर्गातच असते. सोयाबीनचे पैसे हातात आले की, दिवाळीच्या सुमाराला चौकशी करून अर्ज भरा. जागा मोजक्या असतात. बरोबर लोकरीचे कपडे, दोन जोड हातमोजे आणि काळा चष्मा द्या. सुती कपडा भिजला की अंगावर गारठतो, आणि बर्फावरून परतणारे ऊन डोळे जाळते. निघण्यापूर्वी डॉक्टरकडून छाती तपासून घ्या.

परत आल्यावर पोराला एकच काम सांगा. धाकट्या भावंडाला सायकल शिकवायला लावा आणि बाजेवर बसून नुसते पाहा. धाकटे पडल्यावर तो ओरडतो, की का पडले ते शोधतो? शोधत असेल, तर दुसऱ्या हिवाळ्याचा विचार करायला हरकत नाही.