नवतपातली बाग

दुपारी दोनला दुधीची पानं बघवत नाहीत. देठापासून लोंबलेली, कडा आत वळलेल्या; वाटतं, वेल गेला. नवखा माणूस अशा वेळी पाण्याची नळी घेऊन धावतो. नागपूरच्या मे महिन्यात तसं करू नये. मुळं ओढतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडून जातं, म्हणून वेल पानं सैल सोडतो, उन्हाला अंग कमी देतो. खरी परीक्षा पहाटे पाचची. रात्रभराच्या उसंतीनंतरही पानं उठली नसतील, तरच तहान समजावी. पहाटे ती ताठ दिसली की मला जो आनंद होतो, तो टोपलीभर भाजीचाही होत नाही.

सूर्य रोहिणीत शिरला की 25 मेच्या सुमारास नवतपा लागतो. 45 अंशांचं इथे कुणाला नवल नसतं. भेदऱ्याला तेव्हा फुलं येतात, पण फळ धरत नाही. दिवसा पारा 35च्या बराच वर आणि रात्रही तापलेली, मग परागच निकामी होतात, फूल देठाशी वाळून गळतं. खत घालून उपयोग नाही. झाड जगवून ठेवायचं, इतकंच. सांभाराची मात्र मी आशा सोडत नाही. हिरव्या नेटखाली, कूलरचं पाणी पाझरतं त्या कोपऱ्यात तो थोडा येतो. सांभारवडीला पुरत नाही, वरणावर भुरभुरायला पुरतो.

कोहळ्याचा वेल या उन्हात नुसती नरफुलं काढत सुटतो. मादी फूल ओळखायचं ते पाकळ्यांखालच्या इवल्याशा कोहळ्यावरून. ते उमलेल त्या सकाळी नरफूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि परागाचा दांडा हलकेच मादी फुलात फिरवायचा. ऊन चढलं की फूल मिटतं, मग वेळ गेली. दोडक्याचं उलट, त्याची पिवळी फुलं उन्हं कलल्यावर उघडतात. भेंडी आणि बरबटी ही तर या उन्हाचीच लेकरं. भेंडी एक दिवसाआड तोडली नाही तर जून होते.

नळाला येणारं पाणी पेंच आणि कन्हानचं. ते भर उन्हात फवारून उडवणं मला पटत नाही. म्हणून वेलांच्या मध्ये बिनरंगाचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलंय. संध्याकाळी भरायचं, वर झाकण ठेवायचं; माती लागेल तेवढं पाणी त्यातून ओढून घेते आणि वेलाची मुळं मडक्याच्या अंगाला येऊन बिलगतात. प्रत्येक आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर आहे. आपली काळी माती उघडी राहिली की भेगाळते आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटतात. पिवळं पान दिसलं की लोक वर औषध मारतात. मी आधी पाचोळा बाजूला करून मातीत बोट घालून बघते. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

हिवाळ्यातली वांगी गुडघ्याखाली छाटली होती. पाहणारे हळहळले, पण आता त्या वाळक्या दिसणाऱ्या खोडांवर जांभळट कोंब फुटलेत. नवतपात नवी फूट, याहून मोठी प्रगती मी या बागेत पाहिलेली नाही. नेटखालच्या कुंडीतली नवी रोपंही बोटभर झालीत. 7 जूनच्या आसपास मृग लागेल. पाऊस आपल्याकडे पोचेस्तोवर बहुधा जूनचा मध्य उजाडतो. तोवर मांडव पक्का व्हायला हवा. यंदा कोहळं गच्चीवर चढवायचं आहे, त्यासाठी बांबू सांगून ठेवलेत.