शिंग्रोबापाशी वीस मिनिटं

गेल्या वर्षी ६०० किलोमीटरची बीआरएम मी ४३० वर सोडली. पाय शाबूत होते, झोप नव्हती. पहाटे चारला सायकल सरळ चाललीय असं वाटत असताना मी रस्त्याच्या उजव्या कडेला पोचलो होतो. समोरून ट्रक आला नाही, एवढंच. घरी सांगितलं, गुडघा दुखला.

या राइडला ४० तास मिळतात. दोन कंट्रोलच्या मध्ये सोबतची गाडी चालत नाही. ट्यूब, दिवे, खाणं आपल्याच बॅगेत. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली 'रॅम'मध्ये आळीपाळीने सायकल चालवत अमेरिका पार केली. एक चालवताना दुसरा झोपायचा. माझ्याकडे दुसरा कोण?

म्हणून यंदा भरल्या बॅगांनिशी रात्री खोपोलीतून बोरघाट चढतो. एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी, त्यामुळे जुना रस्ता. वाटेत शिंग्रोबाचं देऊळ. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो, असं सांगतात. ड्रायव्हर नाणं टाकून पुढे जातात. मी तिथे झोपायला शिकतोय.

शिकवणी बाबांची. त्यांनी कंपनीत वर्षानुवर्षं रात्रपाळी केली. "झोप लागलीच पाहिजे असं नाही. पाठ टेक, डोळे मीट. वीस मिनिटांनी उठायचं, तोंडावर पाणी मारायचं."

परवा म्हणाले, "गुडघा दुखला होता ना रे? मग झोपेची प्रॅक्टिस कशाला?"

मग सगळं सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत.

आज निघताना पाहिलं, सायकलला मागे आणखी एक लाल दिवा बांधलेला होता. सुतळीने.