मोठा बॉयलर घेण्याआधी

चि. अनघास,


मागची झोपायची खोली गारठलेली राहते म्हणून मोठा बॉयलर बसवायचा तुमचा बेत कळला. माझं मत विचारलंस म्हणून सांगतो, आधी रेडिएटरांमधली पाण्याची वाटणी नीट करा. बैठकीच्या खोलीत स्वेटर काढावा लागतो आणि मागे दात वाजतात, याचा अर्थ उष्णता कमी नाही, ती भलतीकडे जाते आहे. इंग्लंडमधल्या बहुतेक घरांत एका नळाने गरम पाणी येतं, दुसऱ्याने निवलेलं परत जातं आणि प्रत्येक रेडिएटर या दोन्ही नळांना जोडलेला असतो. जिथे अडथळा कमी तिथे पाणी जास्त वाहतं, आणि तो बहुधा बॉयलरजवळच्या रेडिएटरांत कमी असतो. कालव्याच्या मुखाकडच्यांनी पाणी ओढलं की शेपटाकडची शेतं कोरडी राहतात, तसंच हे. पंपाचा वेग वाढवला तरी वाढीव पाण्याचा मोठा वाटा जवळचेच घेतात, वर नळांचा आवाज. मोठा बॉयलर तर ही वाटणी बदलतच नाही.

जवळच्या रेडिएटरचं पाणी कमी केलं तर ती खोली गार पडेल, ही शंका स्वाभाविक आहे, पण हिशेब वेगळं सांगतो. समज, पाणी 75 अंश सेल्सिअसला आत शिरतं, 65 ला बाहेर पडतं आणि खोली 20 अंशांवर आहे. रेडिएटरची सरासरी 70, म्हणजे खोलीपेक्षा 50 ने जास्त. आता प्रवाह निम्मा कर. पाणी आत रेंगाळतं, साधारण 57 पर्यंत निवतं आणि सरासरी 66 वर येते. पाणी निम्म्याने घटलं, उष्णता मात्र जेमतेम दहा टक्क्यांनी! उरलेलं पाणी पुढच्या रेडिएटरांना मोकळं झालं. शिवाय परतीचं पाणी 55 अंशांच्या खाली गेलं की कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णताही वसूल करतो. 2005 पासून इंग्लंडमध्ये नवे गॅस बॉयलर बहुतांशी याच जातीचे बसतात. त्यांना कढत पाणी परत पाठवणं म्हणजे पैसे धुराड्यातून सोडणं.

थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह ही वाटणी आपोआप करतात, असं कुणीतरी म्हणेलच. ते अर्धंच खरं आहे. तो व्हॉल्व्ह खोलीचं तापमान बघतो आणि पहाटे सगळंच घर गार असताना सगळे व्हॉल्व्ह उघडे असतात. जवळच्या खोल्या तापून त्यांचे व्हॉल्व्ह मिटेपर्यंत मागच्या खोलीने वाट बघायची. त्यात घराचा मुख्य थर्मोस्टॅट दाराजवळच्या पॅसेजमध्ये असेल आणि तिथला रेडिएटर आधी तापत असेल, तर तो बॉयलरच बंद करतो आणि मागच्या खोलीची पाळी येतच नाही.

उपाय रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला, प्लास्टिकच्या टोपीखाली आहे: लॉकशील्ड व्हॉल्व्ह. प्रत्येक लॉकशील्ड आज किती फेरे उघडा आहे ते आधी लिहून ठेव. यंत्रणा थंड असताना सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघड, मग बॉयलर चालू करून रेडिएटर कोणत्या क्रमाने तापतात ते टिपून घे. सर्वांत आधी तापणाऱ्याचा लॉकशील्ड बंद करून जेमतेम पाव फेरा उघड, शेवटच्याचा पूर्ण उघडा ठेव, मधल्यांचे त्या क्रमाने वाढवत ने. प्रत्येक बदलानंतर पाणी स्थिरावू दे आणि दोन्ही टोकांच्या तापमानातला फरक सगळीकडे जवळपास सारखा होईपर्यंत थोडं थोडं फिरवत राहा. काम किचकट आहे, अख्खा रविवार खाईल. पण त्याला एक पाना आणि तापमापकाखेरीज काही लागत नाही. मात्र रेडिएटर वरून गार असेल तर आत हवा आहे आणि खाली मध्यावर गार असेल तर गाळ; ती दुखणी यातून बरी होत नाहीत, त्यांचा बंदोबस्त आधी करायचा.

हे सगळं करूनही घरातल्या साऱ्या खोल्या सारख्याच गार राहिल्या, तरच मोठ्या बॉयलरचा विषय काढा.

तुझा,
काका